घासाघीस करणारं गिऱ्हाईक

परदेशातलं जे गिऱ्हाईक पहिल्याच निरोपात ‘किंमत मान्य’ म्हणतं, त्याला पेटी विकू नये. भाव पाडून मागणारा, भात्याच्या घड्यांचे जवळून फोटो मागणारा, आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजलेत याचं भान न ठेवता ‘जरा काळी चार वाजवून दाखवा’ म्हणणारा माणूस डोक्याला ताप देतो खरा, पण बहुतेक वेळा तोच खरा घेणारा असतो. मी पेटी बेताचीच वाजवतो, पण वाद्यं दुरुस्त करणाऱ्यांच्या दुकानात बसायची खोड जुनी आहे. त्यामुळे ओळखीपाळखीतल्यांची जुनी वाद्यं विकून देण्याचं बिनपगारी काम माझ्याकडे आपोआप आलं, आणि हे मत त्यातूनच पक्कं झालं.

पुण्यात, सांगलीत, डोंबिवलीत कितीतरी घरांत माळ्यावर एखादी पेटी, कोपऱ्यात गवसणी घातलेला तंबोरा असतो. वाजवणारे गेले, मुलं बाहेर. दुसऱ्या टोकाला न्यू जर्सीत, लंडनमध्ये, मेलबर्नला गाणं शिकणारी मंडळी आहेत. शिवाय मराठीचा गंध नसलेले, पण कीर्तनाच्या नादाला लागलेले अमेरिकनही आहेत. जुन्या पेटीत जर्मन किंवा पॅरिसचे सूर असतील तर जाणकार आजही त्यांच्या मागे असतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना तर २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मागणी आहे म्हटल्यावर भामटेही आलेच.

आमच्या इमारतीतल्या एका काकूंनी काकांची पेटी विकायला काढली, तेव्हा पहिला निरोप कॅनडातून आला. इंग्रजी गोड, काकूंच्या तब्येतीची चौकशी, देवाचा आशीर्वाद, सगळं होतं. फक्त पेटीचं नाव नव्हतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘वस्तू’. वस्तू अजून आहे का, वस्तू कधी पाठवाल, वस्तूचे पैसे आजच भरतो. किती सप्तकांची, दुहेरी की तिहेरी, स्केलचेंज आहे का, एक प्रश्न नाही. मग दुसऱ्या दिवशी पेपालच्या नावानं ईमेल: रक्कम जमा झाली आहे, मात्र कुरिअरचा क्रमांक कळवल्यावरच ती तुमच्या खात्यात दिसेल. वर रक्कम चांगली आठशे डॉलर जास्त. का, तर वस्तू न्यायला त्याचा माणूस येणार, त्याचे पैसे काकूंनी इथून परस्पर द्यावेत.

सगळी मेख त्या जादा आठशेत होती. मूळ पैसे कधी आलेलेच नसतात. आपण ‘माणसाला’ पाठवतो ते मात्र खरे असतात. कधी ईमेलऐवजी परदेशी चेक येतो. तो वठायला आठवडे लागतात, आणि खात्यात रक्कम दिसल्यावरही नंतर उलटू शकतो. म्हणून ईमेलमधल्या दुव्यावर बोट ठेवायचंच नाही. आपण स्वतः आपल्या खात्यात शिरून पाहायचं. तिथे नसेल तर ते पैसे नाहीत, इतकं सोपं आहे. ‘पुण्यातला माझा भाऊ तुम्हाला पेपालनं देईल’ असं कुणी म्हणालं तर तिथेच फोन ठेवावा, कारण भारतातल्या भारतात पेपालनं पैसे देण्याघेण्याची सोय १ एप्रिल २०२१ पासून बंद आहे. तोच भाऊ क्यूआर कोड पाठवून ‘स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील’ म्हणाला तरी तेच. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

काकूंचं खरं गिऱ्हाईक न्यू जर्सीत निघालं. त्यानं व्हिडिओ कॉलवर एकेक खुंटी ओढायला लावून प्रत्येक पट्टी वाजवून घेतली. मंद्रातला एक सूर भाता भरल्यावर क्षणभर उशिरा बोलतो, हे त्यानं हजारो मैलांवरून हेरलं. मागच्या फळीला भेग आहे का, कपलर पट्ट्या ओढतो की नुसता हलतो, पेटी सागाची की देवदारची. शेवटी त्या आळशी सुरापायी दोन हजार रुपये कमी केले. काकू वैतागल्या. “आमचं लग्न ठरताना ह्यांच्या घरच्यांनी एवढं विचारलं नव्हतं!” मी म्हटलं, काकू, ह्याला द्या.

खऱ्या गिऱ्हाइकाकडूनही पैसे कसे घ्यायचे ते आधी ठरवावं. बँकेतून बँकेत थेट आलेली रक्कम मला सर्वात निश्चिंत वाटते. मधली बँक थोडं शुल्क कापते, ते कोण सोसणार हे आधीच बोलून घ्यावं. आपली बँक पैसे कशाबद्दल आले ते विचारते. तिथे जुन्या वाद्याची विक्री असंच सांगावं, घरखर्चाला मुलानं पाठवले वगैरे कथा रचू नयेत. कार्डानं किंवा पेपालनं आलेले पैसे घेणारा तक्रार करून परत खेचू शकतो. त्यातून वाचायचं तर वाद्य व्यवहाराच्या नोंदीत असलेल्या पत्त्यावरच गेलं पाहिजे. पैसे भरून झाल्यावर ‘मी आता बहिणीकडे आहे, तिकडे पाठवा’ म्हणणाऱ्याला पैसे परत करून नव्यानं भरायला सांगावं. पेपालवर साडेसातशे डॉलरच्या वरचा व्यवहार असेल तर पोचल्याची सही घेणारीच कुरिअर सेवा निवडावी.

आता खरेपणानं वागणारी माणसंसुद्धा एक लाडिक विनंती करतात: ‘कागदावर गिफ्ट लिहा ना, आणि किंमत पन्नास डॉलर.’ पूर्वी अमेरिकेत आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलवर जकात नसे. ऑगस्ट २०२५ मध्ये ती सवलत गेली, तेव्हापासून ही विनंती वाढली आहे. ऐकू नये. खोटं लिहिणारे आपण, सही आपली. शिवाय पेटी फुटून पोचली तर विमा पन्नास डॉलरचाच. विकून पाठवलेली वस्तू म्हणजे निर्यात, आणि तिला आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा क्रमांक लागतो. नाव ऐकून लोक घाबरतात, पण तो पॅनवर घरबसल्या मिळतो, शुल्क पाचशे रुपये.

वाद्य जितकं जुनं तितकी त्याची किंमत, असं आपण म्हणतो. शंभर वर्षांपुढे मात्र उलटं होतं. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि तशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून पणजोबांचा तंबोरा जाहिरातीत ‘सव्वाशे वर्षांचा’ म्हणून मिरवण्याआधी विचार करावा. तो तेवढा जुना नसेल तर पुरातत्त्व खात्याकडून तसा दाखला मिळतो. दुसरी भानगड घोडीची, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तिची. जुन्या सतारींच्या घोड्या, खुंट्यांवरची फुलं, कडेची नक्षी यांत सांबरशिंग आणि हस्तिदंत सर्रास असे. वन्यजीव कायद्यामुळे हस्तिदंताचा व्यापार इथेच गुन्हा आहे, परदेशी कस्टमचं पुढचं पुढे. कारागिराकडे नेऊन घोडी उंटाच्या हाडाची किंवा कृत्रिम बसवून घ्यावी, आणि नक्षी कशाची आहे ते त्याच्याकडूनच जाणून घ्यावं. शिसवीचं लाकूड २०१७ पासून व्यापारावर निर्बंध असलेल्यांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. तयार वाद्यांना त्यातून २०१९ मध्ये सूट मिळाली, म्हणून तिथे निदान जीव भांड्यात पडतो. ऑस्ट्रेलियाला तबला पाठवणाऱ्यानं चामड्याबद्दल तिथले नियम आधी वाचावेत, तिथली तपासणी कडक असते.

बांधणीबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचंय, कारण खऱ्या गिऱ्हाइकाशी भांडणं इथेच होतात. पेटीचा भाता पट्ट्यानं बांधावा, आणि झाकण व पट्ट्या यांच्यामध्ये फोमची पट्टी भरावी, नाहीतर प्रवासभर पट्ट्या उड्या मारतात आणि खालच्या स्प्रिंगा जागा सोडतात. तंबोऱ्याच्या तारा सैल कराव्यात, घोडी काढून कापडात वेगळी गुंडाळावी, मणके एका पुरचुंडीत. भोपळ्याला खोक्याच्या कुठल्याच बाजूचा स्पर्श होता कामा नये. दांडी जिथे भोपळ्याला मिळते तिथे खालून भक्कम आधार हवा, कारण आपटलं की तडा तिथेच जातो. हे सगळं करताना मोबाइलवर चित्रण ठेवावं. आणि खोकं प्लायवूडचंच. साध्या लाकडाच्या पॅकिंगला, त्यातून कीड जाऊ नये म्हणून, लाकडाचा गाभा ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवल्याचा शिक्का लागतो. प्लायवूडला तो लागत नाही. पण आपले सुतारकाका मजबुतीच्या प्रेमापोटी प्लायला चारी बाजूंनी देवदारच्या पट्ट्या ठोकतात, आणि खोकं परदेशातल्या बंदरात अडकतं. त्यांच्यासमोर उभं राहावं.

खोकं तयार झालं की कुरिअरवाला वजनाऐवजी टेप काढतो. हवाई कुरिअरला लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजारांनी भागतात. खरं वजन आणि हा आकडा यांत जो मोठा त्याचे पैसे. सतारीचं १३५ बाय ४५ बाय ४५चं खोकं म्हणजे जवळजवळ ५५ किलो, आत सतार जेमतेम तीन-चार किलोंची. पेटीचं ७० बाय ४५ बाय ४०चं खोकं २५ किलो भरतं. साध्या पेटीला भाडं पेटीहून महाग पडतं, म्हणून तसली इथेच गाणं शिकणाऱ्या मुलाला द्यावी. भाडं सोसेल अशा वाद्यालाही आपल्याकडे कायम एक तिसरा मार्ग सुचतो: शेजारच्यांची सून सप्टेंबरात परत चालली आहे, तिच्यासोबत देऊ. काकूंनीही तेच केलं. फक्त विक्रीचा खरा आकडा लिहिलेली पावती मी तिच्या पर्समध्ये घालायला लावली, कारण विमानतळावर अधिकारी काकूंना नाही, तिलाच विचारणार होते.