धनी कीं कारभारी?

आपल्याकडे गुढीपाडव्यास सालगड्याचा करार होतो. वर्षाचें धान्य आणि रोख रक्कम ठरते, आणि गडी धन्याच्या शेतांत राबूं लागतो. पुढें मृगाचा पाऊस पडला, वाफसा झाला, परंतु धन्यानें बींच आणलें नाहीं, तर शेत पडीक राहिल्याचा बोल त्या गड्यास कोणी लावील काय? नांदेड-लातूरकडील कोणताही शेतकरी या प्रश्नास हंसेल. परंतु तोच शेतकरी, आणि शाळेंत शिकणारा त्याचा मुलगा, क्रिकेटचा सामना पाहून उठला कीं नेमका गड्यासच बोल लावतो. कर्णधार नालायक, प्रशिक्षक निकामी! धन्याचें नांवही निघत नाहीं. या संवयीविषयीं दोन शब्द लिहावे, असें फार दिवस मनांत होतें.

विद्यार्थ्यांच्या वडील भावांस 'पुणे वॉरियर्स' हा संघ आठवत असेल. सहारा या उद्योगसमूहानें २०१० सालीं ३७ कोटी डॉलरची बोली लावून तो मिळविला. त्या वेळपर्यंत आयपीएलमधील कोणत्याही संघास एवढी किंमत आली नव्हती. हा संघ तीन हंगाम खेळला. २०११ सालीं चौदा सामन्यांत चार विजय, २०१२ सालीं सोळांत चार, आणि २०१३ सालीं पुन्हां सोळांत चारच. कर्णधार पहिल्या वर्षीं युवराजसिंग, दुसऱ्या वर्षीं सौरव गांगुली, तिसऱ्या वर्षीं अँजेलो मॅथ्यूज व मग ॲरन फिंच. लोकांनीं या सर्वांस यथेच्छ नांवें ठेवलीं.

आतां ४ फेब्रुवारी २०१२ या दिवसाकडे पाहूं. बंगळूर येथें खेळाडूंचा लिलाव होता. युवराजसिंग कर्करोगानें आजारी असून उपचार घेत होता. त्याच्या किंमतीएवढी रक्कम लिलावांत वापरूं द्यावी, अशी मालकांची मागणी होती. नियमावर बोट ठेवून मंडळानें ती नाकारली. तेव्हां सहारानें मंडळाशीं असलेला संबंधच तोडल्याचें जाहीर केलें, आणि इतर संघ बोली लावीत असतां पुण्याचा संघ लिलावाबाहेर राहिला. माळेगांवच्या यात्रेंत ज्यानें बाजाराचा दिवस चुकविला, त्याच्या दावणीस चांगला बैल कोठून येणार? त्याच महिन्यांत मंडळाशीं समेट झाला, लिलावाबाहेरून मायकेल क्लार्कसारखा खेळाडू आणलाही गेला. पण बाजार उठल्यावर जें उरतें त्यांतूनच निवड करावी लागते. त्या हंगामांत पुण्यानें पहिल्या सात सामन्यांपैकीं चार जिंकले आणि उरलेले नऊच्या नऊ गमावले. गांगुलीचें वय तेव्हां एकोणचाळीस होतें. त्याच्या फलंदाजीवर वर्तमानपत्रांचे रकाने भरले. लिलावाच्या दिवशीं संघ स्वस्थ बसला होता, हें मात्र एप्रिल-मे महिन्यांत कोणाच्या ध्यानांत राहिलें नाहीं. गंमत अशी कीं गहुंजे येथें त्याच वर्षीं खुल्या झालेल्या मैदानास नांव मालकांचेंच होतें.

मालकांची बाजू अगदींच पोकळ होती, असें आम्ही म्हणत नाहीं. एका हंगामांत ९४ सामने होतील या हिशेबानें त्यांनीं बोली लावली, आणि प्रत्यक्षांत ७४ झाले. तेव्हां किंमत कमी करा, ही त्यांची तक्रार समजण्यासारखी आहे. पण सावकाराशीं वाद आहे म्हणून कोणी शेत नांगरायचें थांबवीत नाहीं. पुढें मे २०१३ मध्यें मंडळानें बँकेची हमी वटविली, सहारानें अंग काढून घेतलें, आणि ऑक्टोबरांत मंडळानें करारच रद्द केला. संघ संपला. या साऱ्यांत कर्णधाराचा संबंध कोठें येतो? कारभाऱ्यांच्या हातून चुका झाल्याच नाहींत असें नव्हे. पण दरवर्षीं नवा कर्णधार नेमला कोणीं, हाही प्रश्न विचारावाच लागतो.

उलट उदाहरणही पुण्याचेंच आहे. २०१६ व २०१७ या दोन वर्षांपुरता पुण्यास दुसरा संघ मिळाला. संजीव गोयंका यांचा उद्योगसमूह त्याचा धनी. प्रशिक्षक दोन्ही वर्षें स्टीफन फ्लेमिंग हेच. पहिल्या वर्षीं संघ आठांत सातवा आला. दुसऱ्या वर्षीं धन्यानें महेंद्रसिंग धोनीकडील कर्णधारपद स्टीव्ह स्मिथकडे दिलें, आणि लिलावांत बेन स्टोक्ससाठीं साडेचौदा कोटी रुपये मोजले. धोनीविषयींचा निर्णय आम्हांस रुचला नव्हता, आजही रुचत नाहीं. पण त्या धन्यास आळशी कोणी म्हणणार नाहीं. २१ मे २०१७ रोजीं हैदराबादेस अंतिम सामना झाला. मुंबईच्या १२९ धावा, पुण्याच्या १२८! प्रशिक्षक तोच, मग सातवा संघ दुसरा कसा झाला?

हें सर्व लिहितांना आमच्या शाळकरी वयांतील एक गोष्ट डोळ्यांपुढें येते. शाळेचें व गांवाचें नांव सांगत नाहीं. आमचा संघ त्या वर्षीं जिल्ह्याच्या सामन्यांस गेलाच नाहीं. महिनाभर सराव केलेला, पांढरे सदरे शिवून घेतलेले, आणि आयत्या वेळीं आमचें नांव यादींत नाहीं. राग निघाला तो कर्णधारावर. आमच्याच वर्गांतील तो मुलगा. त्याच्याशीं आम्हीं बोलणें टाकलें, आणि दिवाळीनंतर तो मैदानावर येईनासा झाला. प्रवेशाची फी वेळेवर भरलीच गेली नव्हती, हें पुढें दोन वर्षांनीं कळलें. ती फी भरणें हें मुलांचें काम नव्हतें. तोंपर्यंत त्याच्या वडिलांची बदली होऊन तें कुटुंब गांव सोडून गेलें होतें.