टाकी फूटभर वर घ्या

डिसेंबर लागला की आम्हा प्लंबरांना फोन सुरू होतात. ‘भाऊ, सोलर बिघडलं. संध्याकाळी हात भाजतो अन् पहाटे पाणी थंडगार.’ गच्चीवर चढून पाहावं तर बहुतेक वेळा बिघडलेलं काही नसतं. दिवसभर तापलेलं पाणी रात्री उलट्या वाटेनं गेलेलं असतं.

नागपूरच्या उन्हाचा बोलबाला फार, थंडीला कोणी मोजत नाही. २९ डिसेंबर २०१८ ला इथं पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्यातून आकाश निरभ्र असलं की पॅनेल आपली उष्णता वर फेकत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतं. त्यातलं पाणी जड होतं. टाकी पॅनेलच्या बरोबरीनं किंवा खाली बसवली असेल, तर हे जड पाणी खालच्या पाइपनं टाकीत शिरतं आणि टाकीतलं गरम पाणी वरच्या पाइपनं पॅनेलमध्ये येतं. रात्रभर तुमच्या पैशानं आभाळ तापतं.

टाकी खाली का बसवतात? रस्त्यावरून दिसू नये म्हणून! ‘एलिव्हेशन खराब होतं’ म्हणे. टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या कडेपेक्षा फूटभर उंच घेतला की काम झालं. पण स्टँड वाढवण्याऐवजी काही जण पॅनेल आणि टाकीमधल्या पाइपवरच स्प्रिंगचा एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह, घालतात. पंप नसलेल्या सोलरमध्ये पाणी फिरवणारा जोर इतका कमी असतो की तो स्प्रिंग उघडत नाही. मग दिवसाही पाणी तापत नाही. काचेच्या नळ्यांच्या सोलरला रात्री पाणी उलटं फिरण्याचा त्रास फारसा नाही.

एनआरव्हीची खरी जागा टाकीत येणाऱ्या थंड लाइनवर. तो बसवला की एअर व्हेंट मात्र उघडाच हवा. शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर गेलं की जवळपास दीड लिटरनं फुगतं. ‘ठिबकतं’ म्हणून व्हेंटला प्लग मारलेला मी पाहिलाय. गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचंही तेच करतात. हे सरळ जिवाशी खेळणं आहे.

न्हाणीघरातली चूक वेगळी. मिक्सरचे दोन्ही कॉक उघडे ठेवून फक्त हँड शॉवरचा खटका बंद करतात. थंड लाइनवर प्रेशर पंप असेल तर थंड पाणी गरम लाइनमध्ये घुसतं.

केंद्राच्या सौर शहर योजनेत नागपूर ‘मॉडेल’ शहर होतं. सोलरसाठी मालमत्ता करात सवलतही मिळते. माझं म्हणणं एवढंच, की सवलत गच्चीवर पॅनेल दिसलं म्हणून देऊ नये. टाकीची उंची, एनआरव्ही आणि व्हेंट तपासून द्यावी. तो नियम येईल तेव्हा येवो. तोवर घरमालकांनी नवं सोलर बसल्यावर रात्री नऊला, नळ सगळे बंद असताना, थंड लाइनला हात लावून पाहावा. टाकीपासून दोन हातांवर पाइप कोमट लागला, तर गरम पाणी त्या लाइनमध्ये मागं येतंय; आमचे उरलेले पैसे खुशाल अडवा.