तरुण छातीतला खोकला

म्हाताऱ्या माणसाचा खोकला घरात सर्वांना ऐकू जातो. वीस-बावीस वर्षांच्या मुलाचा खोकला मात्र कोणी मनावर घेत नाही. 'पावसाळी हवा आहे, जाईल' असे म्हणून घरचे मोकळे होतात. आमच्या जोयडा तालुक्यात पाऊस महिनोन् महिने मुक्काम ठोकतो, भिंतींना ओल येते, कपड्यांवर बुरशी चढते. तेव्हा हवेला दोष देणे सोपेच आहे. परंतु दिवाळी उलटून ऊन पडले तरी जो जात नाही, पहाटे झोप मोडतो, चढणीवर छातीतून शिटीसारखा आवाज काढतो, त्या खोकल्याचे कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

मनुष्याची फुफ्फुसे विशी-पंचविशीपर्यंत वाढत असतात. पुढे त्यांची शक्ती हळूहळू उतरत जाते, अगदी निरोगी माणसाचीही. म्हणजे तोवर जमलेल्या पुंजीवरच उरलेले आयुष्य काढावयाचे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या वैद्यकीय अभ्यासात असे दिसून आले की, उतारवयात ज्यांच्या श्वासनलिका कायमच्या आकसल्या, त्यांपैकी सुमारे निम्म्यांची ही पुंजी तरुणपणीच तोकडी होती.

ती तोकडी का राहते? बिडी हे एक कारण सर्वांना ठाऊक आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी एका सहकाऱ्यासह 2009 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात दाखवून दिले की, हा रोग जडलेल्यांत आयुष्यात कधीही बिडी न ओढलेले लोकही पुष्कळ असतात. आमच्या घरांतील मुली दहाव्या-बाराव्या वर्षापासून फुंकणी घेऊन चुलीपुढे बसतात. 2016 साली उज्ज्वला योजना आली, अनेक घरांत सिलिंडर आला. पण रानातले सरपण फुकट आणि सिलिंडर महाग, म्हणून शेगडी पाहुण्यांच्या चहापुरती राहते आणि भात व आंघोळीचे पाणी चुलीवरच होते. घरातील धुराने जगभरात 2020 साली सुमारे 32 लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. डासांसाठी रात्रभर जळणारी कॉइलही निरुपद्रवी नव्हे. 2003 सालच्या एका अभ्यासाप्रमाणे एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत जातात. (आमचे धूपदानही या हिशेबातून सुटत नाही, वेदीसेवक मुलगा खोकू लागला तर त्याला खुशाल मागे उभे करावे.) अनमोड घाट उतरून गोव्यात बांधकामावर जाणाऱ्या मुलांनी दगड वा फरशी कापताना पाणी सोडावे, ती धूळ एकदा फुफ्फुसात रुतली की निघत नाही.

खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्यावा. क्षय निघेल या भीतीने, विशेषतः मुलीचे लग्न ठरावयाचे असले म्हणजे, पुष्कळ घरी खोकला झाकून ठेवतात. झाकल्याने तो घरातल्या लहानग्यांना मात्र लागतो. तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, उपचार बहुधा सहा महिन्यांचा असतो, आणि पोषणासाठी 2018 पासून दरमहा 500 रुपये मिळू लागले, ते नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले आहेत.

बेडका स्वच्छ निघाला म्हणून काम संपले असे नाही. तो दमा असू शकतो. डॉक्टर पंप देतात आणि येथे घरातली वडील मंडळी आडवी येतात: 'पंपाची सवय लागते!' वस्तुतः दम लागल्यावर ओढावयाच्या नेहमीच्या पंपाच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम औषध असते. त्याच औषधाच्या 4 मिलिग्रॅमच्या गोळीत त्याच्या चाळीसपट. फवारा थेट श्वासनलिकेत जातो, म्हणून थोडक्यात भागते. रोज घ्यावयाचा दुसरा पंप दिला असेल, तर तो बरे वाटताच आपल्या मनाने बंद करू नये. मुलगी सासरी जाणार असेल, तर पंप तिच्या पेटीत उघडपणे ठेवावा, आणि वराकडील मंडळींना बोलणी चालू असतानाच सांगून टाकावे.