पहिल्या दिवशी केरसुणीला सुट्टी

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या गृहिणींना आयएनए मार्केट हाकेच्या अंतरावर. चिनी कोबी, सोया सॉस, नूडल्स सारे तिथे मिळते. मुलांच्या हट्टापायी घरोघरी चाऊमिन शिजते. पण ज्यांचे हे पदार्थ, त्यांचा पाडवा कसा असतो, याची फारशी कुणाला कल्पना नसते. डोकावून पाहिले तर मराठी बाईला तिथे पुष्कळसे आपलेच घर दिसेल.

चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान, अमावास्येला सुरू होते. चांद्रमास आणि सौरवर्ष यांचा मेळ बसावा म्हणून तिकडेही अधिक महिना धरतात. तयारी आठवडाभर आधीपासून. या दिवसांत चुलीचा देव स्वर्गात जाऊन घरच्यांच्या वर्षभराच्या वागण्याचा अहवाल देतो, अशी समजूत आहे. त्याने चहाडी करू नये म्हणून त्याच्या ओठांना मध किंवा चिकट मिठाई लावतात. तोंड गोड करून अहवाल चांगला लिहून घेण्याची युक्ती केवळ कचेऱ्यांतच चालते असे नाही!

मग घराची झाडलोट, जुनी देणी फेडणे, दाराला लाल कागदावर लिहिलेली शुभवचने. मात्र वर्षाच्या पहिल्या दिवशी केर काढायचा नाही. नुकतेच आलेले भाग्य केराबरोबर बाहेर जाईल ना! आपल्याकडेही दिवेलागणीनंतर केर काढू देत नाहीत आणि लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी पुजतात. चाकू-कात्रीलाही त्या दिवशी हात लावत नाहीत. म्हणजे घरच्या बाईला विश्रांतीच. अर्थात त्यासाठी आदल्या दिवशी तिला दुप्पट राबावे लागते, हे रिवाज सांगणारे विसरतात.

सगळ्यात मोलाचे असते ते आदल्या रात्रीचे जेवण. कामासाठी दूर गेलेली मुले त्यासाठी हरप्रकारे घर गाठतात. पानात मासा हवाच, कारण चिनी भाषेत ‘मासा’ आणि ‘शिल्लक’ या शब्दांचा उच्चार सारखा. तो मुद्दाम थोडा उरवतात. मुलांना लाल पाकिटातून पैसे मिळतात, पण चारच्या आकड्यात नाही. चारचा उच्चार ‘मृत्यू’सारखा होतो. आपण अहेरात एक रुपया वर घालतो, तसाच हा हिशेब.

हे सारे पाहायला चीनला जायला नको. मुंबईत माझगावच्या नवाब टँक रोडवर १९१९ सालचे सी यिप कून मंदिर आहे. वरच्या मजल्यावर न्यायाचा आणि शौर्याचा देव क्वान कुंग. एकेकाळी कामाठीपुऱ्याच्या शुक्लाजी स्ट्रीटवर चिनी वस्ती होती. १९६२ च्या युद्धाने चित्र पालटले. देशभरातल्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबण्यात आले. इथेच जन्मलेली माणसे एका रात्रीत परकी ठरली. पुढे अनेक कुटुंबांनी कॅनडासारख्या देशांची वाट धरली. मुंबईतली संख्या रोडावत गेली.

जी उरली, ती नववर्षाच्या आदल्या रात्री माझगावात जमतात. उदबत्त्या, मेणबत्त्या लावतात, पूर्वजांसाठी कागदी नोटा जाळतात. डब्यातल्या आकडे लिहिलेल्या काड्या हलवून पडेल त्या काडीवरून वर्षाचे भविष्य पाहतात. ज्यांच्या क्वार्टरच्या बाल्कनीत गुढी उभी राहते आणि सासर-माहेर मात्र हजार-दीड हजार किलोमीटरवर असते, त्यांना या घोळक्याचे वेगळे वर्णन करून सांगायला नको.

मुंबईत मध्यरात्र होते तेव्हा टोरांटोत दुपारचे दीड वाजलेले असतात. तिकडच्या भावंडांचा मासा अजून शिजायचा असतो.