विश्लेषण : मुंबई सिटीची घसरण नेमकी कोठे सुरू झाली?

मे २०२४मध्ये कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असे हरवून मुंबई सिटीने इंडियन सुपर लीगचा करंडक जिंकला. पुढच्या मोसमात अंधेरीच्या मैदानावर येणाऱ्या चाहत्यांना त्याहून कमी काही नको होते. पदरी पडले सहावे स्थान. आधी २२ सामन्यांत ४७ गुण होते, आता २४ सामन्यांत ३६. नऊ सामने तर बरोबरीत सुटले. ११ मार्च २०२५ रोजी बेंगळूरुला त्यांच्याच मैदानावर २-० असे नमवून संघाने बाद फेरी कशीबशी गाठली. १८ दिवसांनी तिथेच ०-५ अशी वाताहत झाली.

खापर प्रशिक्षक पेत्र क्रात्की यांच्यावर फोडणे सोपे आहे. (करंडकही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली आला होता, हे सोयीस्करपणे विसरले जाते.) पण संघाची वीण उसवली ती उन्हाळ्यातच. मधल्या फळीचा कणा असलेला अपुइया मोहन बागानकडे गेला. मुंबईकर कर्णधार राहुल भेके, अल्बर्टो नोगेरा आणि कोलकात्यातील अंतिम सामन्यात गोल करणारा होर्हे परेरा दियाझ, हे तिघेही बेंगळूरुकडे. विजेत्या संघाचा गाभा एकाच उन्हाळ्यात आणि तोही प्रतिस्पर्ध्यांच्या हाती जाऊ देणे, ही व्यवस्थापनाची चूक होती. बेंगळूरुच्या त्या पाच गोलांतला एक दियाझचा होता.