साखरेचा ओलावा मोजतो, मग बियाण्याचा का नको?

हस्ताचा पाऊस लांबला की आपल्या कार्यक्षेत्रात दरसाल एकच चित्र दिसते. सोयाबीन पिवळे पडून रानात उभे असते, पूर्वहंगामी लागणीसाठी रान मोकळे करावयाचे असते, मळणीवाला दारात येऊन बसलेला असतो आणि आभाळ काही उघडत नाही. मग दोन दिवस उन्हाची तिरीप मिळाली की काढणी, मळणी आणि पोती शिवणे एका दमात उरकले जाते. ती पोती सोप्यात भिंतीला टेकवून लागतात. त्यांतलीच दोन-तीन 'बियाला' म्हणून बाजूला काढली जातात. पुढच्या मृगाला ते बी निम्मेही उगवत नाही, आणि दोष जातो पावसाला, खताला, नाहीतर नशिबाला.

सभासद बंधू-भगिनींनो, आमच्या मते यातला बराचसा दोष ओलाव्याचा आहे आणि तो ऑक्टोबरातच पोत्यात शिवला गेलेला असतो.

आपण एका साखर कारखान्याचे मालक आहोत. आपल्या प्रयोगशाळेत प्रत्येक पाळीला बगॅसचा ओलावा काढला जातो. साखरेचा ओलावा तर टक्क्याच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. साखर गरम असताना पोत्यात भरली तर तिचे खडे होतात, म्हणून ती निवल्याशिवाय भरत नाहीत. गोदामात पोती उघड्या फरशीवर टाकत नाहीत आणि भिंतीला चिकटवूनही रचत नाहीत. एवढी सगळी शिस्त आपल्याच पैशाने, आपल्याच मालासाठी पाळली जाते. आणि घरी? घरी एक दाणा दाताखाली घ्यायचा, कट्ट वाजला की 'वाळलंय' म्हणायचं आणि पोतं शिवायचं.

दाताची परीक्षा खोटी नाही, आमच्या वाडवडिलांनी तिच्यावर पिढ्या काढल्या. पण त्यांची ज्वारी माघ-फाल्गुनातल्या कडक उन्हात खळ्यावर महिनाभर तापून निघत असे. सोयाबीनचे तसे नाही. हे पीक पावसाच्या शेपटाला काढणीस येते, आणि त्याचे बी मुळातच नाजूक. साल पातळ, आत तेल. चौदा टक्के ओलाव्याचा दाणाही दाताखाली वाजतो आणि दहा टक्क्यांचाही. फरक दाताला कळत नाही, बियातल्या कोंबाला कळतो.

बियाणे शास्त्रात एक ढोबळ नियम आहे. साठवणीतल्या बियाचा ओलावा एक टक्क्याने कमी केला की त्याचे आयुष्य सुमारे दुप्पट होते. तपमान पाच अंशांनी उतरले तरीही तसेच. म्हणजे चौदाचा ओलावा दहावर आणला तर हिशोबाने आयुष्य सोळापट वाढते. कागदावरचा हा हिशोब आपल्या सोप्यात तंतोतंत उतरणार नाही, पण बी जगणार की मरणार हे कशावर ठरते ते त्यातून दिसते. प्रमाणित बियाण्यासाठी सरकारने घातलेली ओलाव्याची कमाल मर्यादाही तेच सांगते : सोयाबीन, गहू व ज्वारीला १२ टक्के, भाताला १३, हरभरा व भुईमुगाच्या शेंगेला ९. हवाबंद पिशवीत भरावयाचे असेल तर मर्यादा याहूनही खाली जाते.

इथे एक घोटाळा होतो तो सांगितला पाहिजे. २०२४ च्या हंगामात हमीभावाच्या सोयाबीन खरेदीसाठी केंद्र सरकारने ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. बऱ्याच जणांनी त्याचा अर्थ 'पंधरापर्यंत चालतंय' असा घेतला. ती सवलत त्या हंगामातल्या खरेदीची होती. बुरशीला कुणी सवलत जाहीर केलेली नाही.

दुसरी गोष्ट घरांची. जुन्या घरात जमीन शेणाने सारवलेली, भिंती मातीच्या, आणि चुलीचा धूर माळ्यावरून फिरून कौलातून बाहेर जाई. माळ्यावरची कणगी त्या धुराने कोरडी राही, किडाही कमी लागे. पश्चिमेकडच्या डोंगरी गावांतले आमचे भातवाले सभासद हे चांगले जाणतात. आता स्लॅबची घरे झाली, गॅस आला, घरात धूर नाही. बायामाणसांचे डोळे वाचले, ही फार चांगली गोष्ट झाली. पण आषाढात फरशीला घाम सुटतो, सिमेंटच्या भिंतीला ओल येते, आणि पोते मात्र अजून तिथेच भिंतीला टेकून उभे असते. घर बदलले, साठवण बदलली नाही. सांगलीजवळ हरिपूरला हळदीसाठी जमिनीत पेवे काढत, तीसुद्धा तिथल्या मातीचा गुण ओळखून. तिथे चालले म्हणून कुठल्याही रानात खड्डा खणून भागले नसते. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत नदीकाठच्या गावांतून घराघरांतले धान्य भिजले. काठावरच्या सभासदांनी निदान बियाची पोती तरी वरच्या मजल्यावर न्यावीत.

हवेचे गणित साधे आहे. कोरडे केलेले धान्य उघड्या पोत्यात ठेवले तर ते भोवतालच्या हवेतून पुन्हा पाणी ओढते. आपल्याकडे नोव्हेंबर ते एप्रिल हवा कोरडी असते, त्या दिवसांत तागाचे पोते उत्तम. पण वळीव सुरू झाला की गोष्ट पालटते. जुलै-ऑगस्टात हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते. अशा हवेत दहा-बारा टक्क्यांवर वाळवलेला गहू न् हरभराही हळूहळू चौदा-पंधरावर जातो आणि मग त्याला सोंडा-भुंगा काय, बुरशी काय, आमंत्रणच. भुईमुगावर वाढणारी हिरवट-पिवळी बुरशी तर अफ्लाटॉक्सिन नावाचे विष सोडते. ते यकृताचा कर्करोग करते आणि भाजून-शिजवून पुरते जात नाही. बुरसलेली शेंग 'जनावराला चालेल' म्हणून टाकू नये, दुभत्या जनावराच्या दुधातही ते उतरते.

म्हणून पावसाळ्यात ठेवायचे धान्य वळवाआधी पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या कोठीत किंवा आता मिळतात त्या हवाबंद पिशव्यांत गेले पाहिजे. मात्र इथेच सगळ्यात मोठी चूक होते. कोठी धान्य वाळवत नाही. जे आत घालाल तेच ती राखते. चौदा टक्क्यांचे सोयाबीन हवाबंद केले तर पाणी आतच कोंडते, पोते तापते आणि बी तागाच्या पोत्यात टिकले असते तेवढेही टिकत नाही. उन्हातून उचललेले गरम धान्य तसेच कोठीत भरले तर रात्री पत्रा गार होऊन आतून घाम येतो न् वरचा थर कुजतो. सावलीत निवू द्यावे, मग भरावे. भर पावसात कोठी रोज उघडू नये. आठवड्याचे काढून घ्यावे. आणि हो, धान्यात घालायच्या विषारी वायूच्या गोळ्या माणसे झोपतात त्या घरात अजिबात नकोत. त्या वायूने घरातली माणसे दगावली आहेत. धान्य खरोखर कोरडे असले तर त्यांची गरजही बरीच कमी होते.

बी वाळवतानाही जपावे लागते. डांबरी रस्त्यावर किंवा तापल्या पत्र्यावर दुपारभर टाकलेल्या सोयाबीनची साल तडकते. मळणीयंत्र जोरात फिरवले तर तीच गत. बियासाठी फेरे मिनिटाला चारशेच्या आत ठेवायला मळणीवाल्याला सांगावे, तो कुरकुरला तरी.

गटातल्या बैठकीत हे बोलणे निघाले की एक आक्षेप हमखास येतो. "आबा, वाळवलं की वजन घटतं, व्यापारी काय जास्तीचं देतोय व्हय?" आक्षेप रास्त आहे. सोळा टक्क्यांचे एक क्विंटल सोयाबीन बारावर आणले की साडेचार किलोंनी कमी भरते. विकायच्या मालाला किती वाळवायचे याचा हिशोब ज्याने त्याने आपल्या बाजाराचा भाव आणि कट पाहून करावा, त्यात आम्ही उपदेश करणार नाही. पण बियाचा हिशोब निराळा. एकरी तीस किलो बी लागते. तेच सोयाबीन आपण विकतो त्याच्या दुपटीच्या आसपास भावाने मृगाला पिशवीतून परत आणतो. २०२० च्या खरिपात तर विकतचेच बी उगवले नाही म्हणून राज्यभरातून तक्रारी झाल्या होत्या. सोयाबीन सरळ वाणाचे आहे, एकदा चांगले बी आणले की दोन-तीन वर्षे घरचे राखून पेरता येते. आपले बी राखण्याचा आणि पेरण्याचा हक्क २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने आपल्याला दिलेला आहे. तो हक्क ओल्या पोत्यात कुजवायचा का?

तेव्हा संचालक मंडळापुढे आमचे मागणे असे. प्रत्येक गट ऑफिसात एक ओलावामापक यंत्र ठेवावे आणि सभासदाने ओंजळभर दाणे आणले तर विनामूल्य आकडा सांगावा. दुसरे, सोयाबीनची सुगी आणि गळीत हंगामाची सुरुवात यांच्या मध्ये आपला केन यार्ड मोकळा पडलेला असतो. एवढे पक्के मैदान आजूबाजूच्या गावांत दुसरे नाही. ज्यांच्याकडे खळे उरले नाही अशा लहान सभासदांना बियापुरती जागा आणि ताडपत्री द्यावी, जवळच्या गटांपासून सुरुवात करावी. काही सभासद बगॅसवर चालणारे मोठे वाळवणीयंत्र घ्या म्हणतात. आम्हांस ती घाई वाटते. बियाला चाळीस-बेचाळीस अंशांच्या वर ऊब सोसत नाही. यंत्र चालवणाऱ्याचा हात जरा चुकला तर पोतेच्या पोते भाजून निघेल. आधी मोजायला शिकू, यंत्राचे मग पाहू.

यंत्र येईपर्यंत मिठाची परीक्षा घरोघरी करता येते. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठ-दोन मुठी दाणे आणि चमचाभर खडखडीत कोरडे मीठ घालून मिनिटभर हलवावे, पाव तास ठेवावे. मीठ काचेला चिकटले तर ओलावा पंधराच्या वर समजावा आणि पोते पुन्हा उन्हात न्यावे. न चिकटले तर पंधराच्या आत आहे एवढेच कळते. बारा की चौदा हे मीठ सांगत नाही, म्हणून तर यंत्र हवे. आणि मे महिन्यात शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजावी. सत्तर उगवले तर नेहमीप्रमाणे पेरावे, कमी उगवले तर बी वाढवावे, फारच कमी असेल तर पेरणीच्या तोंडावर धावपळ होण्याआधी दुसरे पाहावे.

एक शंका शेती खात्यातल्या मंडळींनीच बोलून दाखवली : असली यंत्रे वर्षा-दोन वर्षांत चुकीचे आकडे दाखवू लागतात, मग भांडणे कोण मिटवणार? त्याची सोय आपल्याच आवारात आहे. प्रयोगशाळेतली भट्टी सप्टेंबरात बऱ्यापैकी मोकळी असते. दरसाल सुगीआधी गट ऑफिसांतली यंत्रे तिथे आणून भट्टीत वाळवलेल्या नमुन्याशी ताडून पाहावीत आणि तपासल्याची तारीख यंत्रावर चिकटवावी. केमिस्ट साहेबांचे त्यात दोन दिवस जातील. सप्टेंबरातील वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय यावा असे लेखी पत्र आपापल्या गटातून द्यावे, म्हणजे यंदाच्या सुगीला निदान यंत्रे तरी हाताशी येतील.