तंबोऱ्याला दोरी, पोराला काही नाही

गेल्या महिन्यात आमच्या अप्पाच्या गाडीला पट्टे बसले आणि दांडिया बाजारातल्या निम्म्या नातलगांनी माझ्याशी बोलणे सोडले. अप्पा म्हणजे माझा आतेभाऊ. गाडी १९५६ सालची मॉरिस मायनर, उघड्या टपाची. आत्याच्या यजमानांनी ती घेतली, आणि तेव्हापासून घरातला एकही नवरदेव दुसऱ्या वाहनातून मांडवात गेला नाही. “घरच्या वडीलधाऱ्याला दोरखंडाने बांधलेस,” असे आमच्या मामींनी मला तोंडावर सुनावले. हट्ट माझाच होता, तेव्हा जबाबही मीच दिला पाहिजे.

एका बैठकीहून परतताना न्यायमंदिरापाशी रिक्षा आडवी आली. वेग जेमतेम तीस. अप्पाने ब्रेक दाबला. पुढे बसलेल्या माझ्या बारा वर्षांच्या विद्यार्थ्याचे कपाळ समोरच्या पत्र्यावर आपटले. चार टाके पडले. मागच्या बाकावर वडिलांचा तंबोरा होता. भोपळ्याखाली उशी, सुती दोरीने दोन ठिकाणी आवळलेला. त्याला ओरखडाही आला नाही. मुलाची आई धावत आली तेव्हा तिची नजर त्या दोरीवर क्षणभर थांबली. बोलली काहीच नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

अप्पाचे म्हणणे, गाडीचे मूळ रूप बिघडते. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मीविलास राजवाड्यावर जुन्या मोटारींचा मोठा मेळा भरला होता, तो पाहून आल्यापासून त्याला या शुद्धतेने पछाडले आहे. मी दरबारी गवयाचा मुलगा. शुद्धतेच्या गोष्टी मला नव्या नाहीत. संस्थानच्या अखेरच्या दिवसांत वडील ऐन विशीत कलावंत कारखान्यात लागले. मी त्यांच्या उतारवयातला. त्यांचा तो तंबोरा आजही मूळचाच म्हणून लोक त्याला हात जोडतात. पण त्याच्या तारा किती वेळा बदलल्या, जवारी किती वेळा काढली, याचा हिशेब आहे कोणाकडे? अप्पाच्या गाडीचे टायर तरी १९५६ चे आहेत काय? आज सर्वांच्या परिचयाचा तीन टोकांचा पट्टा व्होल्वो कंपनीत नील्स बोलिन यांनी १९५९ साली सिद्ध केला, आणि कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. अप्पाची गाडी त्याच्या तीन वर्षे आधीची. तिच्या कारागिरांनी तो पट्टा नाकारला नव्हता, त्यांच्या हाती तो आलाच नव्हता. आपल्याकडे पुढच्या आसनांना पट्टे देण्याची सक्ती कारखानदारांवर आली ती १९९४ साली. जुन्या गाडीला ती लागू नाही, हे अप्पा मला दहादा सांगून चुकला. अरे, पण रिक्षावाल्याला तुझ्या गाडीचे जन्मसाल कुठे ठाऊक असते?

मात्र, दोन भोके पाडली आणि पट्टा अडकवला, इतके हे सोपे नव्हे. बंद गाडीत पट्ट्याचे वरचे टोक दाराच्या मागच्या खांबाला, खांद्याच्या उंचीवर असते. उघड्या गाडीत तो खांब कमरेशीच संपतो. तिथे पट्टा अडकवला तर धक्क्याच्या वेळी तो खांदा खाली दाबतो आणि सारा भार कण्यावर येतो. नुसता कमरेचा पट्टा सोपा, पण तो छाती धरीत नाही. कपाळ पुन्हा पत्र्यावरच. एका विद्यार्थ्याचे वडील यंत्र-अभियंता आहेत. त्यांनी आसनांमागे खांद्याच्या उंचीची पोलादी कमान आखून दिली. ती तळाच्या मजबूत भागाला धरली आणि प्रत्येक बोल्टखाली जाड पोलादी पट्टी घातली. नाही तर जुना पत्रा कागदासारखा फाटतो. त्याआधी गंजलेला तळ कापून नवा करावा लागला, त्यातच निम्मा खर्च झाला. हे काम हिशेबाशिवाय, केवळ मिस्त्रीच्या अंदाजावर, कोणी करू नये. आणि गाडी उलटली तर ही कमान डोके वाचवणार नाही, हेही त्या गृहस्थांनी स्पष्ट सांगितले.

साधा, बांधून ठेवायचा पट्टा अप्पाला चालला असता. मी आपोआप गुंडाळणाऱ्या चकरीचा धरला. साधा पट्टा माणूस सैल करतो, मग तो दारात अडकतो, टप उघडला की वाऱ्यावर फडफडतो, आणि आठ दिवसांत आसनाखाली जातो. चकरीचा पट्टा सुटला की आपल्या घरात जातो. अप्पाचे चामडे जसेच्या तसे दिसते. सावकाश ओढा, तो हवा तितका येतो. हिसका द्या, जागीच अडतो. गाडी एकाएकी थांबली तरी आतला लहानसा गोळा किंवा लंबक सरकून चकरी अडवतो. म्हणूनच ती नेमलेल्या कोनातच बसवावी लागते. मिस्त्रीने पहिल्यांदा ती जराशी कलती बसवली, तर पट्टा बोटभरही निघेना. अप्पाला केवढा आनंद झाला! जवारीवरचा दोरा केसभर सरकला की तंबोरा मुका होतो, हे मी त्याला सांगितले. त्याला ते पटले नाही, पण मिस्त्रीला पटले.

कमानीमुळे मागच्या बाकावर आता माणूस बसवायचा नाही असे ठरले आहे. पुढे फेकला गेला तर तिच्यावरच आदळेल. लग्नाच्या दिवसांत यावरून पुन्हा रणे माजतील. अप्पा प्रदर्शनाला जाताना कमानीवर काळे कापड टाकतो. टाकू दे.

टाके निघाल्यावर तो मुलगा पहिल्यांदाच गाडीत बसला. घाईने पट्टा ओढला, अडला. पुन्हा ओढला, पुन्हा अडला. मग हळूच ओढला तेव्हा आला. “गुरुजी, हा विलंबितच मागतो,” म्हणाला. मागे तंबोरा होता. त्याची दोरी मी एकदा तपासली आणि आम्ही निघालो.